पहिल्या दिवसाचं उदाहरण

हॉलच्या मागच्या भिंतीपाशी गुडघे टेकून कडूबा औताडे एकेका प्लगमध्ये टेस्टर घालून पाहत होता. अकरावा चालू, बारावा चालू, तेराव्यात जीव नव्हता. मागे सई परतूरकर वही घेऊन उभी होती आणि तो सांगेल तसं लिहून घेत होती. चोवीस माणसं येणार, प्रत्येकाचा लॅपटॉप वेगळा, आणि चालू प्लग निघाले सतरा.

"बोर्ड मागवावे लागतील," कडूबा पँटची धूळ झटकत उठला. "आणि मॅडम, एप्रिलात दुपारची वीज जातेच. जनरेटरचं डिझेल कोण बघणार ते आत्ताच ठरवून घ्या. ऐनवेळी सगळे माझ्याच तोंडाकडं बघतील."

सईने तेही लिहिलं. ती शास्त्रज्ञ म्हणून दोन वर्षांपूर्वी संस्थेत लागली होती. वयाने कडूबाच्या मुलीएवढी, हुद्द्याने त्याच्यावर. म्हणून तो तिला मॅडम म्हणे, आणि ती त्याला औताडे सर.

छावणीच्या अलीकडे, नगर नाक्याच्या रस्त्याला गोदा जलविज्ञान संस्थेची ही दुमजली इमारत होती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात इथे पाच दिवसांची कार्यशाळा भरणार होती. शास्त्रज्ञ आपापल्या संशोधनासाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितात, पण ते कसे लिहावेत हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. ज्याने लिहिला त्यालाच तो कळतो, आणि तो माणूस गेला की मागच्यांना काही उमगत नाही. म्हणून नांदेड, परभणी, लातूर, नागपूर इथल्या अशा लोकांना बोलावून प्रोग्रॅम तपासायचे कसे, जपायचे कसे, दुसऱ्याला वाचता येतील असे लिहायचे कसे, हे शिकवायचं होतं. संचालक डॉ. केशव धारूरकर यांनी सगळं नियोजन कडूबावर सोपवलं, आणि सोपवताना म्हणाले, "चार माणसं तयार करून द्या, औताडे. मग मी तुम्हाला अडवणार नाही."

हे वाक्य ऐकायला कडूबाला सत्तावीस वर्षं लागली होती.

गंगापूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन तो इथे प्रयोगशाळा सहायक म्हणून लागला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. मातीचे नमुने चाळायचं काम. शेजारच्या खोलीत एक म्हातारे शास्त्रज्ञ 'जलमान' नावाचा प्रोग्रॅम लिहीत बसत. कडूबा चहा द्यायच्या निमित्ताने आत जाई आणि पडद्याकडे बघत उभा राही. म्हाताऱ्यांनी एक दिवस त्याला खुर्ची दिली. ते निवृत्त झाले तेव्हा जलमान समजणारा एकटा कडूबाच उरला.

आठ जिल्ह्यांतल्या निरीक्षण विहिरींचं पाणी वर्षातून चार वेळा मोजलं जाई. ते आकडे जलमानमध्ये जात, आणि कोणत्या गावाचं पाणी किती खोल गेलं याची यादी त्यातून निघे. पुढे त्या यादीवरून बंधाऱ्यांची कामं ठरत. यादी काढणारा एकच माणूस, म्हणून त्याला ऑक्टोबरात रजा नाही, जानेवारीत नाही, मार्चात तर नावच काढायचं नाही. नऊ वर्षांपूर्वी बंगळुरूच्या एका संस्थेने त्याला बोलावलं होतं. धारूरकरांनी कार्यमुक्तीचा कागद दिला नाही. तुम्ही गेलात तर यादी कोण काढणार, असं त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं होतं. सायलीच्या, म्हणजे त्याच्या एकुलत्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टका चालू असताना कडूबा मंगल कार्यालयाच्या भांड्यांच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. मुंबईच्या मंत्रालयाला त्याच दिवशी कसलासा तक्ता हवा होता. अक्षता टाकायला तो बाहेर आला तोवर फोटोवाला वायरी गुंडाळत होता.

आता पुण्याच्या एका संस्थेने त्याला दोन वर्षांसाठी शिकवायला मागितलं होतं. सायली पुण्यातच होती, दिवस गेलेली. एक जूनला हजर व्हायचं होतं. मंजुषाने, त्याच्या बायकोने, सिडकोतलं घर भाड्याने द्यायचं एका शिक्षकाशी बोलूनही ठेवलं होतं.

म्हणून प्लग मोजताना, जेवणात शाकाहारी किती ते विचारताना, पाहुण्यांच्या खोल्यांतले गिझर लावून बघताना कडूबाच्या अंगात उत्साह होता. सई म्हणे, सर, तुम्ही स्वतःच्या घरचं लग्न काढल्यासारखं करताय. तो हसे.

पहिल्या दिवसाचं उदाहरण जलमानमधलंच असावं, ही कल्पना सईची. लोकांनी एका विहिरीचे आकडे घ्यायचे, कागदावर हाताने गणित करायचं, मग तालुक्यात भरतात तसेच ते तक्त्यातून प्रोग्रॅममध्ये घालायचे आणि दोन्ही उत्तरं ताडून बघायची. कडूबाला ते आवडलं. त्याने भोकरवाडीची विहीर निवडली. खुलताबादच्या पुढे डोंगरात असलेल्या त्या वाडीत दगडाबाई नावाची बाई मोजणीचं काम करी आणि तिचा एकही आकडा कधी चुकलेला नसे. सगळ्या तारखा वेळेवर, एकही रकाना रिकामा नाही.

मार्चचा आकडा होता चौदा मीटर साठ सेंटिमीटर. टेप कठड्यावरून सोडतात, म्हणून कठड्याची उंची वजा करायची म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. भोकरवाडीचा कठडा एक मीटर वीस. उत्तर तेरा चाळीस. कडूबाने ते पेन्सिलीने लिहिलं आणि जलमानमध्ये बघितलं. तिथे बारा वीस होतं.

त्याला वाटलं, आपण आकडा चुकीचा घेतला. पुन्हा केलं. जानेवारीचं केलं, मागच्या वर्षीचं केलं. दर वेळी फरक तेवढाच, एक मीटर वीस. सई जेवून आली तेव्हा तो डबा न उघडता बसला होता आणि पडद्यावर जलमान नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या लोकांना आकडे भरायला सोपं जावं म्हणून त्याने स्वतः एक नवा तक्ता करून दिला होता, तो तक्ता होता. त्यात कठड्याची उंची आपोआप वजा होत होती. आणि ती पुढे जलमानमध्येही वजा होत होती. तक्ता त्याने केलेला, आणि जलमानही तेव्हा त्याच्याच हातात. अकरा वर्षं कठडा दोनदा वजा होत आला होता, आणि विहिरींत होतं त्याहून पाणी वर दिसत होतं.

बुटक्या कठड्याच्या विहिरींना फारसं बिघडलं नव्हतं. पण यादीची रेघ तेरा मीटरवर होती. तेराहून खोल गेलेली गावं यादीत, बाकीची बाहेर.

सई काही विचारत होती. त्याने फक्त एवढंच सांगितलं की उद्या मी भोकरवाडीला जाऊन येतो, कठडा मोजायचाय.

दौलताबादवरून घाट चढून तो मोटरसायकलने गेला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि ऊन आत्ताच चटके देत होतं. दगडाबाई साठीची, काटक, कपाळावर पदर ओढलेली. साहेब स्वतः आलेले बघून ती घाबरली. टेप आणायला ती आत गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिने लुगडं बदललेलं होतं.

कठडा भरला एक मीटर वीस. म्हैस पडली म्हणून गावाने तो छातीइतका उंच केला होता, तिने सांगितलं. मग न विचारताच तिने टेप विहिरीत सोडला, वर ओढला, पुन्हा सोडला. तीनदा. दर वेळी ओलं झालेलं टोक त्याला दाखवलं.

"तीनदा कशाला, मावशी?"

"मी तीनदाच मोजती, साहेब. लई वर्सं झाली." ती टेप पदराला पुसत राहिली. "आकडा चुकला का माझा? त्यासाठी आलाव का तुमी?"

कडूबा कठड्याचा आकडा वहीत लिहायला लागला. मग तिनेच सांगितलं. शेजारच्या वाडीला बंधारा झाला, इथं झाला नाही. सरपंच तालुक्याला जाऊन आले, तिथं त्यांना कागद दाखवला, की भोकरवाडीच्या इहिरीला पाणी हाय. कागद आकड्यावरून, आकडा दगडाबाईचा. घरी बसून लिहिती, म्हणाले लोक. हळदी-कुंकवाला बायांनी बोलावणं बंद केलं होतं. एकदा तर तिच्या थोरल्या जावेने पाण्याचा हंडा तिच्या दारात आणून आदळला होता. हे सगळं तिने तक्रारीसारखं सांगितलं नाही. एखाद्या पिकाचं सांगावं तसं सांगितलं.

"आकडं येतात मला. अक्षरं नाय येत," ती म्हणाली. "म्हून मला वाटायचं, आपल्यालाच काय तरी कळंना झालंय."

"तुमचा आकडा बरोबर आहे, मावशी," कडूबा म्हणाला. चूक माझी आहे, हे पुढचं वाक्य न बोलताच तो घाट उतरून संस्थेत परतला.

त्याने आणि सईने दोन दिवस बसून सगळ्या विहिरी चाळल्या. मग तो धारूरकरांकडे गेला. त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"किती गावं?"

"एकोणीस, सर. यादीत यायला हवी होती आणि आली नाहीत, अशी."

धारूरकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तसा माणूस वाईट नव्हता. कडूबाच्या वडिलांच्या आजारपणात त्यांनीच घाटी रुग्णालयात ओळख काढून खाट मिळवून दिली होती. त्यांनी खण उघडला आणि एक कागद त्याच्यापुढे सरकवला. कार्यमुक्तीचा आदेश होता, सही झालेला.

"तुम्ही पुण्याला जा. कार्यशाळा होऊ द्या, उद्घाटनाला दिल्लीचे लोक येतायत. दुरुस्ती मागून करू, सावकाश. सई करेल."

कडूबाने सांगितलं की मॅडमना ते एवढ्यात जमणार नाही. जुन्या फायली कशा लावल्यात, कोणत्या वर्षी काय बदललं, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते त्याच्या एकट्याच्या डोक्यात आहे.

"म्हणजे तुम्हालाच करावं लागणार," धारूरकर म्हणाले. "मग जाणार कसे? ते तुम्हीच सांगा मला. आज तुम्ही तोंडी बोललात, मी ऐकलं नाही असं समजतो. लेखी दिलंत तर हा कागद मला रद्द करावा लागेल, औताडे. आणि पुण्याचे लोक थांबणार नाहीत."

त्या संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा मंजुषा कपाटातली जादाची भांडी पोत्यात बांधत होती. त्याने चप्पल काढता काढताच बोलायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं, भोकरवाडीचा हंडासुद्धा. ती पोत्याचं तोंड हातात धरून ऐकत राहिली. त्याने काय ठरवलंय हे तिने विचारलंच नाही.

"सायलीला मी सांगते," शेवटी ती म्हणाली. "तुमच्यानं नाय सांगवणार."

त्याच आठवड्यात तिने त्या शिक्षकाला फोन करून घर देणार नसल्याचं कळवलं. का, ते सांगितलं नाही. पोतं मात्र बरेच दिवस कोपऱ्यात तसंच बांधलेलं होतं.

कार्यशाळेचं उद्घाटन व्यवस्थित झालं. दिवा लागला, दिल्लीच्या पाहुण्यांनी जलमानचं कौतुक केलं, धारूरकरांनी कडूबाला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. चहानंतर पाहुणे वेरूळ बघायला निघाले. धारूरकर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. कडूबाने उदाहरणाचा कागद वाटला. त्यात त्याने काही बदललं नव्हतं. भोकरवाडी, मार्च, चौदा साठ, कठडा एक वीस.

अर्ध्या तासाने परभणीहून आलेल्या राजकुमार नावाच्या संशोधकाने हात वर केला. सर, माझं उत्तर जुळत नाही. मी चुकतोय का कुठे? आणखी दोघांनी तेच म्हटलं. एक जण आपलं गणित खोडून बारा वीस यावं म्हणून पुन्हा मांडत होता. कडूबाने ते पाहिलं आणि तो खडू घेऊन फळ्यापाशी गेला.

"खोडू नका," तो म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. चूक जलमानमध्ये आहे, आणि ती माझी आहे. अकरा वर्षांची आहे."

मग त्याने फळ्यावर दोन्ही वजाबाक्या मांडल्या. एकोणीस गावं कशी राहिली ते सांगितलं. भोकरवाडीत एक बाई विहीर तीनदा का मोजते, तेही सांगितलं. आवाज त्याचा नेहमीसारखाच होता. फळ्यावर आकडे मात्र फिसकटत होते. सई पहिल्या रांगेत होती. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि गावांची नावं वाचायला लागली, म्हणजे त्याला ती वाचावी लागू नयेत. धारूरकर दारात कधीचे येऊन थांबले होते. ते आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत.

दुपारी कडूबाने लेखी दिलं. उरलेले चार दिवस कार्यशाळा ठरल्याप्रमाणे चालली. वीज गेली, जनरेटर लागला, डिझेल पुरलं. चोवीस जणांनी जलमानचा तो एक भाग उलगडून पुन्हा लिहिला आणि तपासला. जाताना सगळ्यांनी कडूबाचा नंबर घेतला. शुक्रवारी समारोपाच्या आधी शिपायाने त्याच्या टेबलावर दोन कागद ठेवले. एकात कार्यालयीन निकडीमुळे कार्यमुक्ती रद्द केल्याचं होतं. दुसऱ्यात अकरा वर्षांच्या याद्या नव्याने काढून द्याव्यात, असा हुकूम होता.

पुण्याच्या संस्थेने जूनमध्ये दुसरा माणूस घेतला. जुलैत सायलीला मुलगी झाली. कडूबा शनिवारी दुपारी गेला आणि रविवारी परत आला.

पावसाळाभर तो आणि सई एकेका वर्षाची यादी नव्याने काढत बसले. कुठे काय आहे ते तो सांगे, ती लिहून घेई. जलमानची पहिली वही अशी तयार झाली. सात वर्षांच्या याद्या काढून झाल्या तेव्हा सईला हैदराबादहून बोलावणं आलं. चार दिवस तिने ते कुणाला सांगितलं नाही. कडूबाला ते तिच्या टेबलावरच्या पाकिटावरून कळलं. तिचा कार्यमुक्तीचा अर्ज त्यानेच टाइप करून दिला आणि वर नेऊन दिला. धारूरकरांनी एका दिवसात सही केली. तिच्यावाचून काही अडत नव्हतं.

"मी नाही म्हणू शकते, सर," ती म्हणाली होती. "निदान उरलेल्या चार वर्षांचं काम होईपर्यंत."

"नका म्हणू," कडूबा म्हणाला. "एकदा थांबलं ना, मॅडम, की मग थांबायचीच सवय लागते सगळ्यांना. थांबणाऱ्यालाबी, आणि थांबवणाऱ्यालाबी."

उरलेल्या चार वर्षांच्या याद्या त्याने एकट्याने काढल्या. सप्टेंबरअखेर सुधारलेली यादी वर गेली. एकोणीस गावांचं पुढे काय होणार याचं उत्तर अजून आलेलं नव्हतं, प्रकरण विचाराधीन होतं. बंधारे झाले तरी मागची अकरा वर्षं कुणी भरून देणार नव्हतं. कडूबाला एक ठपक्याचं पत्र मिळालं, आणि त्याच पत्रात पुढील आदेश होईपर्यंत त्याने मुख्यालय सोडू नये असंही होतं.

दोन ऑक्टोबरला भोकरवाडीत ग्रामसभा होती. कडूबा तिथे परवानगी न मागता गेला. शाळेच्या ओट्यावर सरपंच बसले होते, समोर सतरंजीवर तीसेक माणसं. बायका एका बाजूला, त्यांच्याही मागे भिंतीला टेकून दगडाबाई. कडूबाने आपण कोण ते सांगितलं, चूक कुणाची ते सांगितलं. कुणीतरी मागून विचारलं, मग आता आमच्या बंधाऱ्याचं काय? तो म्हणाला, मला माहीत नाही. एक जण उठून चालता झाला. सरपंच खाली बघत राहिले.

मग कडूबाने खिशातून कागद काढला आणि अकरा वर्षांचे आकडे तारखांसकट वाचले. चव्वेचाळीस. वेळ लागला. काही लोक आपसात बोलायला लागले, मग गप्प झाले. शेवटचा आकडा वाचून तो म्हणाला, "हे सगळे दगडाबाईंनी मोजलेले आहेत. यातला एकही चुकलेला नाही. माझ्याकडं आठ जिल्ह्यांचे कागद आहेत, इतके नीट दुसरे नाहीत."

 बायकांतल्या भिंतीलगतच्या दोघीतिघी थोड्या सरकल्या आणि मध्ये जागा झाली. दगडाबाई तिथे जाऊन बसली नाही. ती उठली, पदर सारखा केला आणि कडूबाजवळ आली.

"आज मोजायचा दिस हाय, साहेब," ती म्हणाली.

दोघं विहिरीवर गेली. तिने कठड्यावर छाती टेकून टेप सोडला, हाताला पाणी लागल्याचं कळल्यावर थांबली आणि वर ओढला. एकदाच. ओलं टोक तिने त्याला दाखवलं नाही, तसाच टेप गुंडाळायला घेतला आणि आकडा सांगितला. कडूबाने विहिरीत डोकावून बघितलं नाही. वही कठड्यावर ठेवून त्याने तो लिहून घेतला.